साक्षगंधाला रकाना नाही

आपल्याकडे साक्षगंध झालं की मुलगी त्या घरची झाली, असंच सगळे धरून चालतात. सणावाराला तिच्यासाठी साडी जाते, दिवाळीला होणाऱ्या जावयाला बोलावणं येतं, सोयऱ्यांच्या सुखदुःखात दोन्हीकडची माणसं हजर राहतात. त्यामुळे बल्लारपूरचा, वरोऱ्याचा किंवा देसाईगंजचा एखादा मुलगा कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याचा अर्ज भरायला बसतो आणि वैवाहिक स्थितीच्या ओळीपाशी येतो, तेव्हा त्याचा हात थांबतो. यादीत अविवाहित आहे, विवाहित आहे, घटस्फोटित आहे, कायद्याने विभक्त आहे, जोडीदार वारलेल्यांसाठी जागा आहे, लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांसाठीही आहे. साक्षगंध झालेल्यांसाठी मात्र काही नाही.

मग फोन येतो. ‘लग्न वैशाखात आहे. अर्ज आत्ता टाकायचा आहे. हिचं नाव घालू का?’

ओळखीपाळखीतल्या मुलामुलींचे असे कागद मी बरीच वर्षं बघत आलो आहे, आणि या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच वाक्यात देऊन टाकतो. नाही, घालता येत नाही. कॅनडाच्या नियमात कुटुंब म्हणजे कायदेशीर पती किंवा पत्नी, किमान सलग १२ महिने एका घरात संसार केलेला जोडीदार, आणि २२ वर्षांखालची अविवाहित मुलं. वाग्दत्त वर किंवा वधू त्यात बसत नाही. लग्न लागेपर्यंत तुम्ही अविवाहित आहात आणि तसंच लिहायचं. पण ज्या दिवशी लग्न लागेल त्या दिवसापासून तुम्ही विवाहित आहात. मग तुमचा अर्ज कुठल्याही टप्प्यावर असो, ते कळवावंच लागतं. या दोन गोष्टींच्या मधल्या काळात काय करायचं आणि काय टाळायचं, ते आता बघू.

पंचांगाबरोबर अर्जाचंही वेळापत्रक

लग्नाची तारीख अर्जाच्या तीन टप्प्यांपैकी कुठेतरी पडणार. अर्ज टाकण्याआधी, अर्ज टाकल्यानंतर पण पीआर मिळण्याआधी, किंवा पीआर मिळाल्यानंतर. तिन्ही चालतं. पण तिन्हींचे परिणाम सारखे नाहीत, आणि दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना हे तारीख काढण्याआधी सांगायला हवं. कार्यालयाची इसारत देऊन झाल्यावर सांगून उपयोग नसतो.

आधी पहिली वाट, लग्न करून अर्ज टाकण्याची. जानेवारी २०१५ पासून कॅनडात एक्स्प्रेस एंट्री नावाची गुणांची पद्धत आहे. एकट्या उमेदवाराचे गुण एका तक्त्याने मोजतात, जोडीदारासह जाणाऱ्याचे दुसऱ्या तक्त्याने. दुसऱ्या तक्त्यात तुमचे स्वतःचे गुण थोडे कमी होतात आणि ती जागा जोडीदाराच्या शिक्षणाने, इंग्रजीने, कॅनडातल्या कामाच्या अनुभवाने भरायची असते. हे नुसतं सांगून कळत नाही, म्हणून आकडे मांडतो.

समजा, मुलगा २९ वर्षांचा, अभियांत्रिकीची पदवी, भारतात तीन वर्षांहून जास्त नोकरी, इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत ऐकण्यात ८ आणि बाकी तिन्हींत ७. एकटा असेल तर वयाचे ११०, पदवीचे १२०, भाषेचे १२४, आणि शिक्षण-अनुभव-भाषा यांच्या जोडीचे ७५. एकूण ४२९. तोच मुलगा लग्न करून बायकोसह अर्ज टाकतो आणि बायकोचे काहीच कागद जोडत नाही. वयाचे १००, पदवीचे ११२, भाषेचे ११६, जोडीचे तेच ७५. एकूण ४०३. म्हणजे २६ गुण गेले. आता बायकोही पदवीधर आहे, तिच्या पदवीचं मूल्यांकन करून घेतलं, तिनेही आयईएलटीएस दिली आणि नवऱ्याइतकेच बँड मिळवले. पदवीचे ८ आणि भाषेचे २० मिळून ४३१ होतात. एकट्यापेक्षाही दोन जास्त. तिला चारही विषयांत ६ मिळाले तरी ४२३ होतात.

म्हणून साक्षगंध आणि लग्न यांच्यामध्ये चार-सहा महिने असतील, तर ते मुलीच्या आयईएलटीएसच्या तयारीसाठी वापरा. होणारी सून अभ्यासाला बसली आहे, याचं सासरी कौतुक व्हायला पाहिजे. काही घरांत ‘तिचं काय एवढं, जायचं तर त्याला आहे’ असा सूर असतो. वरचे आकडे त्यांना कागदावर लिहून दाखवा. परीक्षेचा निकाल दोन वर्षं आणि पदवीचं मूल्यांकन पाच वर्षं चालतं, त्यामुळे आधी करून ठेवलेलं वाया जात नाही.

मूल्यांकनाबद्दल आपल्या भागापुरती एक गोष्ट. गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ २०११ साली सुरू झालं. त्याआधी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालयं नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. एकाच घरात नवऱ्याची पदवी नागपूरची आणि बायकोची गोंडवानाची, असं सहज होतं. गुणपत्रकांचा अधिकृत उतारा ज्याच्या त्याच्या विद्यापीठातूनच मागवावा लागतो. पदवीपत्रावर नाव कोणत्या विद्यापीठाचं आहे ते आधी बघा आणि मग अर्ज करा.

आता दुसरी वाट. अविवाहित म्हणून एक्स्प्रेस एंट्रीत नाव नोंदवलं, अर्ज करायचं बोलावणं आलं, ६० दिवसांत पूर्ण अर्ज टाकला, आणि त्यानंतर लग्न झालं. इथे गुण पुन्हा मोजून खाली आणत नाहीत, कारण कायदा बोलावणं आल्याच्या आणि अर्ज दाखल झाल्याच्या दिवशीचे गुण बघतो. पण बोलावणं आल्यावर आणि अर्ज टाकण्याआधी त्या ६० दिवसांत लग्न लागलं, तर मात्र विवाहित म्हणून गुण पुन्हा मोजावे लागतात. ते त्या फेरीच्या किमान गुणांखाली गेले तर बोलावणं नाकारून पुन्हा रांगेत उभं राहणंच योग्य. अर्ज टाकल्यावर लग्न झालं की ताबडतोब कॅनडाच्या इमिग्रेशन विभागाच्या वेब फॉर्मवरून कळवायचं. विवाह प्रमाणपत्र, पत्नीचे फॉर्म, तिची फी, पोलीस दाखला, वैद्यकीय तपासणी हे सगळं जोडायचं. काम काही महिने लांबतं, पण दोघं एकत्र जातात.

तिसऱ्या वाटेत आधी एकट्याने पीआर घ्यायचं, मग येऊन लग्न करायचं, मग पत्नीला प्रायोजित करायचं. ही वाट स्वच्छ आहे, पण तिच्यात ताटातूट आहे. पीआर असलेल्या माणसाला पत्नीचा अर्ज चालू असताना कॅनडातच राहावं लागतं. परदेशात राहून पत्नीला प्रायोजित करण्याची मुभा फक्त तिथल्या नागरिकांना आहे. म्हणजे लग्न करून महिन्याभरात परत जायचं आणि तिने इथे वाट बघायची. तिच्या तीन वर्षांच्या खर्चाची हमीही लिहून द्यावी लागते. ज्या घरात सासू-सासरे एकटे आहेत आणि सुनेला काही काळ इथे राहायचंच आहे, तिथे हे जमून जातं. बाकीच्यांनी आधी मनाची तयारी करावी.

लपवलेलं लग्न

या विषयात सगळ्यात जास्त नुकसान एकाच चुकीने होतं. अर्ज अविवाहित म्हणून टाकलेला असतो, मंजुरी जवळ आलेली असते आणि घरात लग्न उरकतं. मग कोणीतरी शहाणपण सांगतं, ‘आता कशाला बोलतोस, सगळं पुन्हा सुरू करतील. तिथे पोचल्यावर बोलाव तिला.’

असं करू नका. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांत ११७(९)(डी) हा नियम आहे. पीआर मिळताना तुमची पत्नी होती, आणि तिची माहिती दिली नाही म्हणून तिची तपासणी झाली नाही, तर पुढे कुटुंबाच्या वर्गातून तिला प्रायोजित करता येत नाही. ही बंदी एक-दोन वर्षांची नाही, तिला मुदतच नाही. शिवाय खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी आणि मिळालेलं पीआर जाण्याची भीती वेगळीच. ९ सप्टेंबर २०१९ पासून यात एक तात्पुरती सवलत आहे, पण ती निर्वासित म्हणून आलेल्यांसाठी आणि स्वतः कुटुंबाच्या प्रायोजकत्वावर आलेल्यांसाठी आहे. नोकरी-शिक्षणाच्या गुणांवर जाणाऱ्या आपल्या मुलांना तिचा आधार नाही. त्यांच्यासाठी उरते ती माणुसकीच्या कारणावरची विनंती. ती मान्य होईलच असं धरून चालता येत नाही.

पत्नी सोबत येणार नसली तरीही तिचं नाव द्यायचंच. ‘सोबत न येणारी’ असं लिहायची सोय आहे. तसं लिहिलं तर गुण एकट्याच्या तक्त्याने मोजतात, पण तिची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते आणि लागणाऱ्या रकमेच्या हिशेबात तिलाही धरतात. मात्र गुण वाढवण्यासाठी ‘येणार नाही’ लिहायचं आणि लगेच मागून आणायचं, हा डाव खेळू नका. अधिकारी तेच शोधत असतात.

मूल झालं तरी हाच नियम लागतो. अर्ज चालू असताना बाळ जन्मलं तर तेही कळवायचं.

आता एक बारीक पण नेहमी घडणारी गोष्ट. पासपोर्ट-व्हिसाची घाई म्हणून दोन्ही घरं ठरवतात की नोंदणी पद्धतीने लग्न आत्ता करून ठेवू आणि मांडव मे महिन्यात घालू. ऑक्टोबरात दोघं विवाह अधिकाऱ्यापुढे सह्या करतात, पेढे वाटतात आणि आपापल्या घरी जातात. कोणी विचारलं तर घरचे सांगतात, ‘लग्न मेमध्ये आहे.’ मुलगाही अर्जात अविवाहित लिहितो, कारण त्याच्या मनात लग्न म्हणजे अक्षता. पण कायद्याने तो ऑक्टोबरात विवाहित झाला. पुढे प्रमाणपत्रावर ऑक्टोबरची तारीख, पत्रिकेवर मेची, फोटोत मेचा मांडव, आणि अर्जात मधल्या काळात अविवाहित. अधिकाऱ्याच्या टेबलावर हे चार कागद शेजारी शेजारी येतात. असं केलं असेल तर लग्नाची तारीख ऑक्टोबरचीच लिहा आणि सोबत एक पानाचं पत्र द्या: आमच्याकडे नोंदणी आधी झाली, धार्मिक विधी नंतर झाला, दोन्हींचे पुरावे जोडले आहेत. सरळ लिहिलेल्या पत्राने हे निभतं.

उलटाही प्रकार मी पाहिला आहे. लग्न लागायच्या आधीच मागची तारीख टाकून नोंदणीचा दाखला काढून आणतात. त्या दाखल्यावर नवरा-नवरीच्या सह्या असतात, साक्षीदारांच्या असतात, आणि त्या दिवशी मुलगा पुण्यात कामावर असल्याची नोंद त्याच्या कंपनीच्या हजेरीत असते. या मार्गाला जाऊच नका. व्हिडिओ कॉलवर लावलेलं लग्नही चालत नाही. ११ जून २०१५ पासून, दोघांपैकी एक जरी प्रत्यक्ष हजर नसेल तर ते लग्न कॅनडा ग्राह्य धरत नाही.

दाखला कुठे, कसा

महाराष्ट्रात विवाह नोंदणी १९९८ च्या अधिनियमाखाली होते. गावात ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, ते निबंधक. शहरात नगरपरिषद किंवा महानगरपालिका. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या खटल्यात सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करायला सांगितलं. तरी आपल्याकडे दाखला काढायची आठवण गरज पडल्यावरच होते. लग्नापासून ९० दिवसांत केलं तर विलंब शुल्क लागत नाही.

ज्ञापन नमुना ‘ड’ मध्ये भरायचं. त्यावर वधू-वर, लग्न लावणारे पुरोहित आणि तीन साक्षीदार यांच्या सह्या. मिळणारं प्रमाणपत्र नमुना ‘ई’. माझ्या भाचीचा दाखला आणायला मी गेलो, तेव्हा वहीत नाव लिहिताना एक अक्षर चुकलं होतं आणि वराची जन्मतारीख एका दिवसाने इकडची तिकडे झाली होती. तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यायला पाच मिनिटं लागली. तोच कागद घरी आणून सहा महिन्यांनी उघडला असता तर पुन्हा साक्षीदार गोळा करायची वेळ आली असती. म्हणून दाखला हातात पडला की खिडकीसमोरून हलू नका. दोघांचे पासपोर्ट उघडून नावाचं प्रत्येक अक्षर, जन्मतारीख, लग्नाची तारीख, लग्नाचं ठिकाण बोट ठेवून ताडून बघा.

आंतरधर्मीय विवाह असेल, किंवा धार्मिक विधी नको असेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात दोघांपैकी एकजण नोटीस द्यायच्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत असावा लागतो. नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न करायचं. ते उलटले तर नवी नोटीस. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून नोटीस भरता येते. मुलगा बंगळूरला आणि मुलगी गडचिरोलीला असेल तर नोटीस गडचिरोलीत द्या. मुलाला मग दोनदा यायची तयारी ठेवावी लागते.

आदिवासी जोडप्यांसाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, कलम २(२) मध्ये तसं स्पष्ट म्हटलं आहे. गोंड, माडिया, कोलाम यांची लग्नं रूढीने होतात आणि ती पूर्णपणे कायदेशीर आहेत. परदेशी अधिकाऱ्याला चार देव, सहा देव, सात देव या कुळगटांतलं काही कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही. त्याला हवी असते एक तारीख आणि सरकारी कागद. भामरागड-एटापल्लीकडे लग्नाचे विधी दोन-तीन दिवस चालतात, कधी टप्प्याटप्प्याने होतात, आणि पत्रिका छापलेली नसते. म्हणून ग्रामपंचायतीत नोंदणी करून घ्या आणि विधी लावणाऱ्या गावच्या माणसाची सही पुरोहिताच्या जागी घ्या. लग्न अमुक रूढीने अमुक दिवशी झालं, असं दोन्हीकडच्या थोरांचं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा.

खर्चाअभावी मोठं लग्न पुढे ढकलून जोडपं आधीच एका घरात संसार करत असेल, तर आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. सलग १२ महिने झाले असतील तर कॅनडाच्या लेखी ते जोडपं आधीच कुटुंब आहे. म्हणजे अशा मुलाने ‘लग्न व्हायचं आहे’ म्हणून अविवाहित लिहिलं तर ती खोटी माहिती ठरू शकते. याची दुसरी बाजू फायद्याची आहे. मांडव पडला नसला तरी एकत्र राहणारा जोडीदार म्हणून तिचं नाव घालता येतं. रेशनकार्ड, आधारवरचा सारखा पत्ता, सामाईक बँक खातं, घरातल्या मुलाचा जन्मदाखला, यातलं जे असेल ते पुरावा म्हणून लागेल.

नाव बदलायची घाई

मराठी मुलीचं लग्नानंतर आडनावच नव्हे, मधलं नावही बदलतं. वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं. काही घरांत पहिलं नावही बदलतात. पासपोर्टवर, पदवीवर, आयईएलटीएसच्या निकालावर माहेरचं नाव, आणि आधारवर, रेशनकार्डावर सासरचं. परदेशी अधिकाऱ्याला ही दोन वेगळी माणसं वाटतात. कायद्याने नाव बदलायची कसलीही सक्ती नाही. माझं मत ठाम आहे: पीआर हातात येईपर्यंत मुलीचं नाव अजिबात बदलू नका. नंतरही तिची इच्छा असेल तरच. आधीच बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी, जुन्या-नव्या नावाचं प्रतिज्ञापत्र आणि विवाह प्रमाणपत्र असं तिन्ही जोडा.

पतीचं नाव पासपोर्टवर चढवण्यासाठी मध्येच नवा पासपोर्ट काढू नका. अर्जाला त्याची गरज नाही, आणि क्रमांक बदलला की सगळीकडे कळवत बसावं लागतं. पोलीस दाखला पासपोर्ट सेवेतून मिळतो, आपला भाग नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतो. मुलगी लग्नानंतर सासरी राहत असेल तर सध्याचा पत्ता सासरचाच द्या, कारण चौकशीला माणूस तिथेच येणार. गेल्या १० वर्षांत ज्या ज्या देशात सलग सहा महिने काढले असतील, तिथलाही दाखला लागतो. आखातात नोकरी केलेल्यांनी हे आधीच मागवून ठेवावं.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर घरच्या माणसाने केलेलं चालत नाही, मग तो इंग्रजीचा प्राध्यापक का असेना. बाहेरच्या भाषांतरकाराकडून, त्याच्या प्रतिज्ञापत्रासह घ्या.

पैसे आणि तपासणी

दोघांच्या अर्जाला जास्त रक्कम दाखवावी लागते. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या तक्त्यात एकट्यासाठी १५,२६३ आणि दोघांसाठी १९,००१ कॅनेडियन डॉलर आहेत. हा तक्ता दरवर्षी बदलतो. बँकेच्या पत्रात गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक लागते, आणि लग्नखर्च नेमका त्याच सहा महिन्यांत होतो. कार्यालय, सोनं, मंडप, जेवणावळी यासाठी खात्यातून काढलेली रक्कम त्या सरासरीत दिसते. म्हणून अर्जाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि लग्नासाठी त्यांना हात लावू नका. वडिलांनी धान किंवा कापूस विकून, शेत विकून एकदम रक्कम भरली असेल तर अडत्याची पट्टी, खरेदीखत आणि वडिलांचं बक्षीसपत्र जोडा. आहेराची रोख भरली असेल तर तेही लिहा. पत्नी सोबत येत असेल तर तिच्या खात्यातली रक्कमही धरता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

वैद्यकीय तपासणी कॅनडाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला तिथे चालत नाही. आपल्याला हैदराबाद सोयीचं पडतं, बल्लारशाहून थेट गाड्या आहेत आणि बोटांचे ठसेही तिथेच देता येतात. दोघांची वेळ एकाच दिवशी घ्या. छातीचा एक्स-रे असतो, त्यामुळे नवी नवरी गरोदर असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. एक्स-रे बाळंतपणानंतरही काढता येतो, अर्ज तेवढा थांबतो.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल बराच आहे आणि लग्न ठरवताना रक्त तपासायची चांगली सवय आता लागते आहे. वाहक असणं हा आजार नव्हे, त्याची धास्ती घेऊ नका. पण जोडीदाराला प्रत्यक्ष आजार असेल, किंवा दुसरा कुठला मोठ्या खर्चाचा आजार असेल, तर वाट विचारपूर्वक निवडा. गुणांच्या वर्गात कुटुंबातल्या एकाच्या उपचारांचा भार जास्त ठरला तर सगळ्यांचा अर्ज अडतो. पीआर झालेल्या माणसाने पत्नीला कुटुंबाच्या वर्गातून प्रायोजित केलं तर खर्चाच्या या कारणावरून तिला नाकारत नाहीत. अशा जोडप्यासाठी तिसरी वाट, म्हणजे आधी पीआर आणि मग लग्न, खरोखर उपयोगाची ठरते. ताटातूट सोसावी लागते, पण दोघंही पोचतात.

लग्न खरं आहे ना, हेही अधिकारी बघतात. ठरवून केलेल्या लग्नात आधीची ओळख कमी असते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मध्यस्थ कोण, बघण्याचा कार्यक्रम कधी, साक्षगंध कुठे, हे ओळीने लिहा. पत्रिका, कार्यालयाची पावती, दोन्ही घरची माणसं दिसतील असे दहा-पंधरा फोटो, नंतरच्या फोन-संदेशांची थोडी पानं पुरतात. शंभर फोटोंचा अल्बम कोणी उघडत नाही.

ऑस्ट्रेलिया, अमेरिका

ऑस्ट्रेलियाच्या कौशल्य व्हिसातही वाग्दत्त जोडीदार बसत नाही. तिथे गुणांचा हिशेब वेगळा आहे: अविवाहिताला १० गुण, ४५ वर्षांखालच्या जोडीदाराकडे पुरेसं इंग्रजी आणि मान्य झालेलं कौशल्य असेल तर १०, नुसतं इंग्रजी असेल तर ५. निर्णय होण्याआधी लग्न झालं तर १४३६ क्रमांकाच्या फॉर्मवर पत्नीला जोडता येतं. मात्र त्या देशाने वाग्दत्तांसाठी खास व्हिसाही ठेवला आहे, त्याचा क्रमांक ३००. मुलगा तिथला नागरिक किंवा पीआर असावा, दोघं सज्ञान झाल्यावर प्रत्यक्ष भेटलेले असावेत. ९ ते १५ महिन्यांच्या या व्हिसाच्या मुदतीत लग्न करून पुढचा जोडीदार व्हिसा मागायचा.

अमेरिकेत साक्षगंधावर जायचा के-१ व्हिसा फक्त अमेरिकी नागरिकाच्या वाग्दत्तासाठी आहे, ग्रीन कार्डवाल्याच्या नाही. नोकरीवर ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांनी मात्र एक पक्कं लक्षात ठेवावं. ग्रीन कार्ड हाती येण्याच्या आदल्या दिवशीही लग्न झालेलं असेल तर पत्नी त्याच अर्जाच्या आधाराने मागून येऊ शकते. दुसऱ्या दिवशी झालं तर तिच्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी रांग.

फी घेऊन कॅनडाचा अर्ज भरून देण्याचा किंवा सल्ला देण्याचा अधिकार तिथल्या परवानाधारक सल्लागारांना आणि वकिलांनाच आहे. सल्लागारांची नावं त्यांच्या ‘कॉलेज’ नावाच्या नियामक संस्थेच्या सार्वजनिक यादीत शोधता येतात. यादीत नाव नाही, तर पैसे देऊ नका. ‘लग्नाचं मी बघतो, तू अविवाहितच ठेव’ असं जो म्हणेल, त्याच्या दुकानातून लगेच उठा. सही तुमची असते आणि शिक्षाही तुम्हालाच होते.

एक शेवटचा टप्पा राहिला. मंजुरीचा कागद येतो, तिकीट काढायचं असतं, आणि घरचे म्हणतात, ‘जायच्या आधी चार माणसांत लग्न लावून टाकू.’ लावा, पण मग त्या कागदावर तसंच विमानात बसू नका. लग्न झाल्याचं आधी कळवा, पत्नीचे कागद जोडा, नवा निर्णय येईपर्यंत थांबा. आणि थांबायचं नसेल, तर लग्न पुढे ढकला, अविवाहित म्हणून जा, पीआर पक्कं होऊ द्या आणि पुढच्या सुट्टीत येऊन मांडव घाला. विमानतळावरचा अधिकारी, किंवा आता ऑनलाइन पद्धतीत पडद्यावरचा रकाना, शेवटी एवढंच विचारतो की अर्जानंतर तुमच्या वैवाहिक स्थितीत काही बदल झाला आहे का.